टोकियोतला शेवटचा उन्हाळा

परत जायची तारीख ठरली की जो तो एकच विचारतो, पॅकिंग कुठवर आलं? आणि खरंच, परदेशातले शेवटचे महिने बहुतेकांचे बॉक्स, वजनकाटा, "मायक्रोवेव्ह कोणाला हवाय का" असले मेसेज आणि निरोपाची जेवणं यातच संपतात. माझं म्हणणं जरा वेगळं आहे आणि अगदी मनापासून सांगतेय, एखाद्या देशातलं काही नवीन बघायचं, करायचं असेल तर शेवटच्या महिन्यांसारखा दुसरा काळ नाही. नवीन असताना आपण बघतो भरपूर पण त्यातलं कळत थोडं, फोटो निघतात आणि पुढे. शेवटी शेवटी मात्र भाषा बऱ्यापैकी आलेली असते, ट्रेन पाठ झालेल्या असतात, बूट कुठे काढायचे, आवाज कुठे खाली ठेवायचा हे अंगवळणी पडलेलं असतं, अनोळखी माणसाशी दोन वाक्यं बोलायची भीती गेलेली असते. त्यामुळे तिकीट काढून आत गेलं की सगळं लक्ष समोरच्या गोष्टीकडेच राहतं.

मी राहायचे निशी-कासाईला, एडोगावा वॉर्डमध्ये. टोकियोतले भारतीय जिथे मोठ्या संख्येने राहतात तोच हा भाग, तोझाई या मेट्रो लाइनवरचा. ऑफिसचं काँट्रॅक्ट सप्टेंबरअखेर संपणार हे जुलैच्या सुरुवातीला नक्की झालं आणि त्याच रात्री मी कॅलेंडर उघडून बसले. "टोकियोत बघायलाच हव्यात अशा जागा" वगैरे याद्या मी मुद्दाम बघितल्या नाहीत. त्या जागा बाराही महिने तिथेच असतात. मी फक्त एवढंच बघितलं की जुलै ते सप्टेंबर या काळात इथे काय असतं जे एरवी नसतं, आणि दुसरं म्हणजे माझ्या रोजच्या लाइनवर, माझ्याच वॉर्डात काय आहे. वीकेंडला एकच गोष्ट, बाकी वेळ सामानाला. ही पद्धत मला इतकी मानवली की दमायला असं झालंच नाही.

पहिली सुरुवात घराजवळच्या सेंतोपासून, म्हणजे सार्वजनिक न्हाणीघर. टोकियोत सेंतोचे दर ठरवून दिलेले असतात, मी होते तेव्हा मोठ्या माणसाला ५५० येन, कुठल्याही साध्या सेंतोत जा तेवढेच. बूट लाकडी लॉकरमध्ये, त्याची चावी म्हणजे एक चपटी लाकडी पट्टी, मग बायकांचा पडदा वेगळा, पुरुषांचा वेगळा. आत सगळे कपडे काढूनच जायचं असतं आणि आपल्याकडच्या बाईला हेच सगळ्यात अवघड वाटतं हे मी मान्य करते, पण खरं सांगू का, दोन मिनिटांत लक्षात येतं की तिथे कोणी कोणाकडे बघत नाहीये. आधी खाली बुटक्या स्टुलावर बसून साबण लावून स्वच्छ अंग धुवायचं, केस वर बांधायचे आणि मगच टाकीत उतरायचं, टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही. पाणी ४२ अंशांच्या आसपास, पहिल्यांदा पाय घातला की चटकाच बसतो. समोरच्या भिंतीवर छतापर्यंत रंगवलेला फुजी पर्वत. ही फुजी रंगवायची पद्धत १९१२ मध्ये कान्दा नावाच्या भागातल्या एका सेंतोतून सुरू झाली म्हणतात आणि ती आजही हाताने रंगवणारे मोजकेच चित्रकार उरलेत.

तिथे एक आजी रोज यायच्या, संध्याकाळी साडेपाचला, स्वतःचा पिवळा टब घेऊन. आधी नुसतं मान हलवून नमस्कार, मग "आज फारच गरम आहे ना", मग हळूहळू गप्पा. मी सप्टेंबरमध्ये परत जातेय म्हटल्यावर त्यांनी विचारलं, "मग बोन ओदोरीला येणारेस की नाही? युकाता आहे का तुझ्याकडे?" युकाता म्हणजे उन्हाळ्यातला सुती किमोनो, तो माझ्याकडे नव्हता. पुढच्या आठवड्यात त्या स्वतःचा एक जुना युकाता घेऊन आल्या, निळ्यावर पांढरी फुलं असलेला, आणि कपडे बदलायच्या खोलीत पंख्यासमोर उभं करून मला नेसायला शिकवलं. डावी बाजू उजवीवर यायला हवी, उलटं फक्त मृताला नेसवतात, हे त्यांनी दोनदा बजावलं. मागे मानेपाशी मूठभर जागा सोडायची, ओबीचा पट्टा पोटावर घट्ट ओढायचा आणि गाठ मागे फिरवायची तीही उजवीकडूनच, नाहीतर डावा पदर सुटतो. मला तीनचार वेळा सोडून परत नेसायला लावलं. "तुझं तुला जमलं पाहिजे, तिकडे गेल्यावर मी येणारे का?" म्हणाल्या.

बोन म्हणजे ऑगस्टमधला पूर्वजांचा सण आणि ओदोरी म्हणजे नाच. आमच्या पार्कात मधोमध लाकडी माळा उभारलेला, त्यावर मोठा ढोल, वरून चारी बाजूंना कंदिलांच्या माळा आणि खाली गोल फेर. शेजारच्या मंडळातल्या ज्या बायकांना नाच येतो त्या आतल्या फेऱ्यात असतात आणि बाकीच्यांनी बाहेर राहून त्यांच्याकडे बघत बघत पावलं टाकायची, एवढंच, वेगळं शिकवणारं कोणी नसतं. एक गाणं कोळशाच्या खाणीतल्या कामगारांचं आहे, त्यात फावड्याने खणल्यासारखं करायचं, मग कोळसा खांद्यावरून मागे टाकायचा, कपाळाशी हात नेऊन चंद्राकडे बघायचं, मग गाडी ढकलायची आणि टाळी. ते एकदा अंगात बसलं की हात आपोआप चालतात. माझ्या पुढे एक सहासात वर्षांची मुलगी होती, ती चुकलं की खुशाल थांबायची आणि पुढच्या टाळीला परत सुरू करायची, मी तिच्याच मागे लागले. इतकी वर्षं मी त्या पार्कातून स्टेशनला जात होते पण तिथल्या माणसांशी बोलणं फारसं कधी झालं नव्हतं, आणि त्या एका संध्याकाळी भाजीवाल्या काकूंपासून माझ्या बिल्डिंगच्या मॅनेजर काकांपर्यंत सगळे त्याच फेऱ्यात भेटले. दुसऱ्या दिवसापासून ते काका मला नावाने हाक मारायला लागले.

आता फुरिनबद्दल जरा सविस्तर सांगायचंय कारण त्याने मला खरंच वेड लावलं. फुरिन म्हणजे उन्हाळ्यात खिडकीत टांगतात ती काचेची घंटा. वारा आला की खाली लटकवलेली कागदाची पट्टी हलते आणि आतला लोलक काचेला लागतो. एदो फुरिन नावाने ओळखला जाणारा प्रकार बनवणारी कार्यशाळा आमच्याच एडोगावा वॉर्डात आहे आणि तिथे आपल्याला स्वतः करूनही बघता येतं. काच वितळवायची भट्टी तेराशे अंशांच्या वर, जवळ उभं राहिलं की चेहरा भाजतो. साचा अजिबात वापरत नाहीत. लांब काचेच्या नळीच्या टोकाला वितळलेली काच गोळा करून आधी एक लहानसा फुगा फुंकतात, मग त्याच्याच पुढे आणखी काच घेऊन मोठा फुगा. शेवटच्या फुंकेला कारागीर म्हणाले "आता, जोरात!" आणि मी सगळा श्वास सोडला आणि समोर चक्क माझ्या मुठीएवढा पारदर्शक गोळा तयार झाला, सगळा प्रकार डोळ्याची पापणी लवायच्या आत.

थंड झालं की तो लहान फुगा कापून टाकतात आणि तिथे घंटेचं तोंड तयार होतं. त्याची कड घासून गुळगुळीत करत नाहीत, करवतीसारखी खरबरीतच ठेवतात, कारण लोलक त्या कडेला घासला की तो विशिष्ट आवाज येतो. बोट फिरवून बघितलं, खरंच दातेरी लागतं. आणि रंगवायचं आतून! बाहेरून रंगवलं तर ऊनपावसाने जाईल म्हणून कुंचला त्या छोट्या तोंडातून आत घालायचा आणि सगळं उलट्या क्रमाने करायचं, म्हणजे माशाचा डोळा आधी, मग अंग, मग मागचं पाणी. मी लाल गोल्डफिश काढला कारण एडोगावा वॉर्ड गोल्डफिशच्या पैदाशीसाठी प्रसिद्ध आहे हे त्याच दिवशी कळलं. डोळा, खवले, शेपटी असं मनात आधी उलटं मांडायला लागतं आणि एकदा रंग लागला की मागे जाता येत नाही. तासभर मान वाकडी करून बसले होते, बाकी जगात काय चाललंय याचा पत्ता नव्हता.

ऑगस्टच्या शेवटच्या वीकेंडला कोएंजीचं आवा ओदोरी. मूळ हे शिकोकू बेटावरच्या तोकुशिमाचं, कोएंजीत १९५७ पासून करतात. आमची तोझाई लाइन नाकानोच्या पुढे जेआरच्या, म्हणजे जपान रेल्वेच्या रुळांवर जाते, मिताकाला जाणारी गाडी पकडली की निशी-कासाईहून न बदलता थेट कोएंजी, ही सोय मला फार आवडायची. एकेका गटाला रेन म्हणतात, बायका अर्ध्या घडीच्या टोपलीसारख्या टोप्या कपाळावर उतरवून लाकडी गेताच्या, म्हणजे खडावांच्या पुढच्या टोकांवर चालत नाचतात, हात सतत डोक्याच्या वर. मागून ढोल, झांजा, बासरी, शामिसेन. रस्ता अरुंद आणि आपण फुटपाथवर अगदी पुढे बसलेलो असलो की ढोल छातीत वाजतो हो, कानात नाही. गर्दी प्रचंड असते म्हणून चार वाजताच जाऊन बसा, पाणी आणि बसायला प्लास्टिकची शीट न्या.

मधे कागदपत्रांचं सांगून टाकते, कारण ते टळत नाही. वॉर्ड ऑफिसात देश सोडतोय याची नोंद निघायच्या आधी साधारण १४ दिवसांत करता येते. मोठा कचरा, म्हणजे पलंग, कपाट, गादी, यासाठी आधी बुकिंग करून दुकानातून स्टिकर विकत घेऊन चिकटवायचा असतो, आणि फ्रिज, वॉशिंग मशीन, टीव्ही, एसी हे त्यात घेतच नाहीत, त्यांचं रिसायकलिंगचं वेगळं पैसे भरून करायचं. पेन्शनची एकरकमी रक्कम मागायला देश सोडल्यावर २ वर्षं मिळतात, पण भारत आणि जपानमध्ये २०१६ पासून सामाजिक सुरक्षेचा करार आहे, त्यामुळे पैसे उचलले की जपानमध्ये पेन्शन भरल्याचा काळ पुढे धरला जात नाही, हे आधी नीट समजून घ्या. मी ही सगळी कामं आठवड्यातल्या जेवणाच्या सुट्ट्यांमध्ये टाकली आणि शनिवार-रविवार हात लावला नाही, हे सगळ्यात महत्त्वाचं.

सप्टेंबर म्हणजे सुमो. वर्षाला सहा मोठ्या स्पर्धा, त्यातल्या जानेवारी, मे आणि सप्टेंबरच्या टोकियोत, रियोगोकूच्या कोकुगिकान या सुमोच्या हॉलमध्ये, प्रत्येक १५ दिवसांची. टीव्हीवर मी अधूनमधून बघायचे पण प्रत्यक्ष कधी नाही. मधल्या वारी एक दिवस रजा घेऊन वरच्या मजल्यावरची खुर्ची घेतली. जाताना मोंझेन-नाकाचोला उतरले, तिथे तोमिओका हाचिमान देवळात योकोझुनांची, म्हणजे सगळ्यात वरच्या दर्जाच्या पैलवानांची नावं कोरलेला प्रचंड दगड आहे, एदोमध्ये १६८४ मध्ये परवानगीने जाहीर सुमो सुरू झाला तो याच देवळाच्या आवारात. तिथून ओएदो लाइनने रियोगोकू.

लोक साधारण तीननंतर जातात, मोठे पैलवान तेव्हा येतात म्हणून. मी साडेअकरालाच गेले आणि माझं ठाम मत आहे की लवकरच जावं. हॉल अर्धा रिकामा, खालच्या श्रेणीची पोरं, कोणी अठरा-एकोणीसची, काळ्या सुती मावाशीत, म्हणजे लंगोटात. त्यांना लढतीआधी रिंगणात मीठ उधळायला मिळत नाही, त्यांना महिन्याचा पगारही नाही, पगार फक्त वरच्या दोन श्रेणींच्या ७० पैलवानांना. वरचे रोज लढतात, हे पूर्ण स्पर्धेत फक्त सातदा. शेजारी एक आजोबा होते, प्रवेशाच्या वेळी मिळणाऱ्या लढतींच्या कागदावर पेन्सिलीने प्रत्येक निकाल काळा-पांढरा गोल काढून भरत होते. मी विचारलं तर त्यांनी मला दुसरी पेन्सिलच दिली. "हा पोरगा आज हरला तर त्याचे सातातले चार पराभव होतात, मग पुढच्या वेळी खाली घसरणार," असं हळू आवाजात सांगायचे आणि मग ती आठदहा सेकंदांची झटापट बघताना माझ्या हाताच्या मुठी वळलेल्या असायच्या. तो पोरगा जिंकला, रिंगणाच्या कडेला एक पाय हवेत असताना समोरच्याला फिरवून. वाकून नमस्कार केला, चेहऱ्यावर काही नाही, आत जाताना मात्र पाण्याच्या बादलीपाशी एक क्षण डोळे मिटून उभा राहिला.

रिंगण ४.५५ मीटरचं, वर देवळासारखं छप्पर लटकवलेलं आणि त्याच्या चार कोपऱ्यांना हिरवा, लाल, पांढरा, काळा असे चार गोंडे, चार दिशांचे आणि ऋतूंचे. संध्याकाळी योकोझुना आला तेव्हा सगळा हॉल एकदम भरून गेला, सगळ्यात शेवटी एक पैलवान धनुष्य फिरवतो तो विधी बघितल्याशिवाय उठू नका, बरेच जण ट्रेन पकडायला पळतात.

काबुकीला, म्हणजे जपानच्या पारंपरिक नाटकाला, मी घाबरून होते खरंतर, चार-साडेचार तासांचा कार्यक्रम असतो म्हणून. पण गिन्झाच्या काबुकी-झामध्ये एकाच अंकाचं तिकीट मिळतं, चौथ्या मजल्यावरचं, साधारण हजार ते दोन हजार येन. कायाबाचोला बदलून हिबिया लाइनने हिगाशी-गिन्झा, स्टेशनातूनच थेट थिएटर. १८८९ पासून याच जागी आहे, आताची इमारत २०१३ ची. वरून हानामिची, म्हणजे प्रेक्षकांतून जाणारी वाट, तिचा शेवटचा तुकडाच दिसतो, पण आवाज सगळा येतो. बायकांना रंगमंचावर यायला १६२९ मध्ये बंदी आली तेव्हापासून बायकांची कामं पुरुषच करतात. त्या दिवशी जो नट होता, चांगला साठीच्या पुढचा असेल, तो सोळा-सतरा वर्षांच्या मुलीच्या भूमिकेत. बाही ओठांपाशी नेऊन खांदे किंचित मागे घेऊन गुडघे जवळ ठेवून तो वळला आणि वयबिय सगळं विरघळलं. माझी आजी बालगंधर्वांबद्दल जे सांगायची, की बायका त्यांच्यासारखी साडी नेसायला शिकायच्या, ते मला लहानपणी अतिशयोक्ती वाटायचं, त्या चौथ्या मजल्यावर बसून मला ते पहिल्यांदा पटलं. आणि ऐन ठोक्याला मागून एखादा जुना रसिक नटाच्या घराण्याचं नाव ओरडतो, त्या ओरडण्याची वेळ इतकी अचूक असते की तोही नाटकाचाच भाग.

आणि सगळ्यात शेवटी राकुगो, निघायच्या आठवड्यात. शिंजुकूच्या सुएहिरोतेईत, १९४६ ची लाकडी इमारत, बाजूला तातामीवर बसायची सोय. एक माणूस गादीवर बसून गोष्ट सांगतो, उठत नाही, हातात पंखा आणि एक सुती रुमाल एवढंच. मान उजवीकडे वळवली की घरमालक, डावीकडे वळवली की भाडेकरू. प्रत्येक कलाकारानंतर एक शिकाऊ पोरगा येऊन गादी उलटी करतो आणि नावाची पाटी पलटतो, तोही पुढे कधीतरी मोठा कलाकार म्हणून त्याच गादीवर बसणार असतो. हे मी मुद्दाम शेवटासाठी ठेवलं होतं, कारण इथे भाषेशिवाय काहीच नाही. एका कथेत गिऱ्हाईक सोबा नूडल्स खातं, पंखा मिटून त्याच्या काड्या केलेल्या, फुंकर, मग सुर्र्र आवाज, आधी नूडल्सचा आणि मग रश्श्याचा, दोन्ही आवाज वेगळे! मग पैसे मोजताना मधेच "किती वाजले?" विचारून, उत्तरातला आकडाही मोजणीत धरून, एक नाणं वाचवतं. मी हसले आणि माझ्या लक्षात आलं की मी सगळ्यांच्या बरोबरच हसलेय, शेजारच्याचं बघून नाही. नवीन असताना मला कोणी फुकट नेलं असतं तरी त्यातला अर्धा मिनिटही कळला नसता.

निघताना विमानतळावर रेसिडेन्स कार्डाला भोक पाडून परत दिलं. फुरिन कपड्यांत गुंडाळून हातातल्या बॅगेत, आजींचा युकाता त्यांनी परत घेतलाच नाही.

नोह, म्हणजे मुखवटे घालून करतात ते जुनं नाटक, राहिलं माझं, आणि कठपुतळ्यांचं बुनराकु. कोणी सध्या तिथे असाल आणि जानेवारी-फेब्रुवारीत निघणार असाल, तर नवीन वर्षाची सुमो स्पर्धा तुमच्या हाताशी आहे, तिकिटं साधारण महिनाभर आधी उघडतात आणि हल्ली पटकन संपतात, तर गजर लावून बसा आणि त्या दिवशी सकाळीच जा.